धुळीची गोळी

मृगाचा पहिला शिडकावा होऊन गेला, की अंगणात उकिडवे बसून माती न्याहाळण्याची खोड आम्हांला लहानपणापासून आहे. त्या पावसाला जोर नसतो. थेंब टपोरे, पण विरळ. उन्हाने भाजून पीठ झालेल्या धुळीत एकेक थेंब पडतो, क्षणभर चकाकतो, आणि पाहता पाहता धुळीचे पांघरूण अंगावर ओढून एक इवलीशी गोळी होऊन बसतो. काडीने हलकेच उचलली, तर ती अख्खी वर येते. शेजारची कोरडी धूळ मात्र फुंकरीसरशी उडून जाते. धूळ तीच, अंगण तेच. एक गोळी झाली आणि दुसरी उडाली, एवढाच काय तो एका थेंबाचा फरक.

या गोळीत एका मोठ्या उद्योगाचे मर्म दडलेले आहे, हे कळण्यासाठी मात्र आम्हांला मुख्याध्यापक व्हावे लागले. शिवाय शाळेतील विज्ञानशिक्षकाची जागा रिकामी पडावी लागली. आमची पदवी मराठीची. अलंकार आणि वृत्ते शिकविण्यात हयात गेली. परंतु सरकारी शाळेत जो तास रिकामा, तो मुख्याध्यापकाचा, असा अलिखित नियम आहे. म्हणून २०१९ सालच्या हिवाळ्यात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची जबाबदारी आमच्या गळ्यात आली.

आमची शाळा उत्तर गोव्याच्या खाणपट्ट्यात आहे. ज्या वाचकांनी गोवा म्हणजे देवळे, समुद्र आणि काजूच्या बागा एवढाच पाहिला असेल, त्यांना डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील तांबडे डोंगर ठाऊक असण्याचे कारण नाही. येथील लोहखनिजाचा मोठा भाग दगडाच्या रूपात नसून भुकटीच्या रूपात आहे. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या. त्याआधी २०१२ सालीही त्या काही काळ बंद पडल्या होत्याच. ट्रक दारात उभे राहिले, बार्जी नदीत गंजू लागल्या. वर्गातील निम्म्या मुलांच्या घरांचे उत्पन्न एकाएकी आटले. खाणी थांबल्या, पण खाणींच्या कडेला रचलेले मातीचे ढीग तेथेच राहिले, आणि दर पावसाळ्यात त्यांतला तांबडा गाळ ओहोळांतून खाली येत राहिला.

नववीतील एका मुलाने प्रदर्शनासाठी विषय सुचविला, तो याच गाळाचा. त्याचे वडील खनिजाचा ट्रक चालवीत असत. ते काम गेल्यावर वडिलोपार्जित भातशेतीकडे वळावे म्हटले, तर शेतात वीतभर गाळ बसलेला. मुलाने गाळाचे एक वाळलेले ढेकूळ आमच्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "सर, ह्या धुळीच्या गोळ्या करतात म्हणे. त्या भट्टीत चालतात म्हणे. कशा करतात?" आम्हांला ठाऊक नव्हते. ठाऊक नसलेली गोष्ट विद्यार्थ्याने विचारली, तर "उद्या सांगतो" म्हणावे, आणि उद्यापर्यंत खरोखरच वाचून यावे, हा आमच्या गुरुजींचा पाठ. यावेळी तो 'उद्या' चांगला तीन आठवडे लांबला.

प्रश्नाचे मूळ असे. लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीत वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकतात, व खालून तप्त हवेचा झोत सोडतात. हा वायू सगळ्या भरावातून वाट काढीत वर चढला पाहिजे. भरावात भुकटी असेल, तर ती फटी बुजविते. झोत कोंडतो, नाहीतर भुकटीलाच उडवून धुराड्यावाटे बाहेर घेऊन जातो. म्हणून भट्टीला ढेकळे लागतात. जाडसर भुकटी कोकच्या चुऱ्यासह तापवून तिचे कडक पोळे करता येते. पण पिठासारखी बारीक भुकटी त्या रीतीला दाद देत नाही. तिची गोळीच वळावी लागते.

ही कल्पना जुनी आहे. स्वीडनमध्ये अँडरसन यांनी १९१२ साली आणि जर्मनीत ब्राकेल्सबर्ग यांनी १९१३ साली तिचे हक्क नोंदविले. मात्र तिला खरा उठाव मिळाला तो अमेरिकेत. मिनेसोटा राज्यातील मेसाबी टेकड्यांचे श्रीमंत खनिज संपत आले होते. उरला होता तो टॅकोनाइट नावाचा कठीण खडक, ज्यात लोह जेमतेम पाव हिस्सा, फार तर तीस टक्के. तेथील विद्यापीठातील एडवर्ड डेव्हिस यांनी आयुष्याची अनेक वर्षे या एका खडकापायी घालविली. खडक पिठासारखा दळल्याशिवाय चुंबकाने लोह वेगळे काढता येत नाही, आणि पीठ केले की भट्टी ते घेत नाही. या पेचातून गोळीनेच वाट काढली. १९५० च्या दशकाच्या मध्यास सुपीरियर सरोवराच्या काठी सिल्व्हर बे येथे मोठा कारखाना उभा राहिला. त्या गोळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोह काढून घेतल्यावर उरणारा चुरा, दिवसाला सुमारे ६७ हजार टन, त्याच सरोवरात सोडला जात असे. १९७३ साली पिण्याच्या पाण्यात अॅस्बेस्टॉससारखे तंतू आढळले, खटला गाजला, आणि १९८० साली हा चुरा जमिनीवर टाकण्याची व्यवस्था होईपर्यंत ते सरोवर चुरा गिळीत राहिले. खनिजाची गोळी झाली, तरी धूळ कोठेतरी उरतेच.

भारतात गोळीचा पहिला कारखाना गोव्यातच, पाळी येथे, १९६० च्या दशकात चौगुल्यांनी उभारला. पुढे शिरोड्यासही एक मोठा कारखाना झाला. आमच्या शाळेपासून काही कोसांवर जे ज्ञान एके काळी रोजच्या पाळीत राबविले जात होते, ते आम्हांला पुस्तकातून शोधावे लागले. असो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. कोरडी धूळ एकमेकींना का चिकटत नाही, आणि पाणी शिंपडताच का चिकटते? वाळूचे किल्ले बांधणाऱ्या प्रत्येक मुलाला याचे अर्धे उत्तर माहीत असते. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही, आणि भरतीच्या पाण्यात बुडालेल्या वाळूचाही होत नाही. ओलसर वाळूचाच होतो. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा एक नखाएवढाही नव्हे, डोळ्यांना न दिसणारा पूल बांधला जातो. पाण्याच्या पृष्ठभागाला ताणलेल्या पडद्याप्रमाणे आकसण्याची ओढ असते. ती ओढ त्या दोन कणांना जवळ खेचते. भिजलेल्या केसांच्या बटा होतात, त्या याच ओढीने.

लंडनच्या इंपिरियल कॉलेजात न्यूइट आणि कॉनवे-जोन्स या दोघांनी १९५८ साली या पाण्याच्या अवस्था नीट वेगळ्या करून दाखविल्या. पाणी अगदी थोडे असेल, तर कणाकणांत सुटे सुटे पूल असतात, मध्ये हवा खेळते. पाणी वाढविले, की पूल एकमेकांना मिळतात, पण हवेचे काही कप्पे उरतात. आणखी वाढविले, की कणांमधील सगळी पोकळी पाण्याने भरते, आणि गोळीच्या पृष्ठभागावर मात्र प्रत्येक फटीच्या तोंडाशी पाणी किंचित आत ओढलेले राहते. ही अवस्था सर्वांत बळकट. तेथे पाणी जणू चहूबाजूंनी आत शोषून घेत गोळीला आवळून धरते. याहून एक घोट पाणी अधिक झाले, की कण पाण्यात बुडतात, आत ओढणारी ती कड नाहीशी होते, आणि गोळीचा चिखल होतो. म्हणजे अति कमी आणि अति जास्त यांच्या मधली जागा फार अरुंद आहे. कारखान्यात पाण्याचा एक-अर्धा टक्का इकडचा तिकडे झाला, तरी सबंध पाळीचा माल बिघडतो.

हान्स रुम्फ या जर्मन शास्त्रज्ञाने या बळाचा हिशेब मांडला. त्याचा सारांश आम्हांला फार आवडला. गोळीचे बळ कणाच्या आकाराच्या उलट प्रमाणात असते. कण निम्मा बारीक केला, तर बळ दुप्पट. म्हणून गोळीसाठी खनिज इतके दळतात, की त्याचा ऐंशी टक्के भाग ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून जावा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा हे पीठ आपल्या घरातील मैद्याच्या जातीचे. ज्या बारीकपणामुळे भट्टी या भुकटीला नाकारते, तोच बारीकपणा गोळीच्या उपयोगी पडतो.

पाणी लागते ते वजनाने सुमारे नऊ-दहा टक्के. ऐकताना हे थोडे वाटते. पण लोहखनिज पाण्याच्या पाचपट जड असते. शंभर ग्रॅम ओल्या गोळ्यांत नव्वद ग्रॅम खनिज धरले, तर त्याने अठरा घनसेंटिमीटर जागा व्यापली, आणि दहा ग्रॅम पाण्याने दहा. म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या त्या ओल्या गोळीत एक तृतीयांशाहून अधिक जागा पाण्याचीच. हा हिशेब फळ्यावर केला, तेव्हा वर्गातील मागच्या बाकावरची मुलेही जागी झाली.

पण एवढ्याने गोळी 'धरते' कशी ते कळले. 'वाढते' कशी, ते वेगळेच. येथे आमच्या मदतीला पुस्तकाच्या आधी स्वयंपाकघर आले.

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर इंदूरचे. संक्रांतीचा काटेरी हलवा ही त्यांच्या माहेरची खासियत. शेगडीवर मंद विस्तवात परात, परातीत खसखस किंवा तीळ, आणि त्यावर चमचा चमचा पाक सोडून बोटांच्या टोकांनी हलविणे चाललेले. एक चमचा सुकल्याखेरीज दुसरा घालायचा नाही. अशाने तिळाभोवती साखरेचा थर, त्यावर थर, असे करीत दोन-तीन दिवसांत दाणा ज्वारीएवढा होतो आणि अंगावर काटा फुलतो. (गोव्याच्या दमट हवेत तो इंदूरसारखा फुलत नाही, याबद्दल आम्हांला दर जानेवारीत ऐकून घ्यावे लागते.) ही झाली वाढीची एक रीत. मध्ये बीज, आणि त्यावर थरावर थर. खनिजाची गोळीही काही अंशी अशीच वाढते. ओली गोळी कोरड्या भुकटीवरून घरंगळते आणि जाता जाता अंगावर भुकटीचा थर घेते.

दुसरी रीत पिठल्याची. उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतले, की गुठळ्या होतात. चमच्याने गुठळी फोडून पाहावी. वरून चिकट ओले कवच आणि आत कोरडे पीठ. पाणी आणि पीठ यांची गाठ ढिगाने पडली, म्हणजे असे होते. पाणी सारखे पसरायच्या आत जागच्या जागी कवच धरते आणि आतल्या पिठाला पाणी मिळतच नाही. उलट, अंगणातील त्या पहिल्या पावसात थेंब विरळ असतात. एका थेंबाच्या जागी दुसरा पडण्याच्या आत पहिला धुळीत मुरून गेलेला असतो. म्हणून एक थेंब, एक गोळी. गोळीचा जन्म चांगला व्हायचा असेल, तर थेंब बारीक हवा, विरळ हवा, आणि खालची धूळ सतत हलती हवी. शास्त्रज्ञ ज्याला बीजधारणा म्हणतात, ती हीच.

तिसरी रीत मात्र स्वयंपाकघरात सापडली नाही. ती आम्हांला टायरने शिकविली.

गोळ्या वळण्यासाठी कारखान्यात मोठे फिरते पिंप असते, किंवा तिरकी ठेवलेली प्रचंड थाळी. प्रयोगशाळांतून मात्र विमानाचा लहान टायर उभा फिरवून गोळ्या वळतात, असे वाचनात आले. विमानाचा टायर आम्ही कोठून आणणार? मुलांनी गॅरेजमधून स्कूटरचा जुना टायर पैदा केला. सायकलच्या दोन चाकांवर तो उभा टेकवला आणि एकाने हाताने फिरवायचा असे ठरले. शेतातला गाळ उन्हात वाळवून, कुटून, जुन्या लुगड्याच्या कापडातून चाळून घेतला.

पहिल्या दिवशी दोन किलो गाळावर तांब्याभर पाणी ओतले. पिठल्याचे झाले. टायरला चिखल चिकटला, आणि निघाल्या त्या मुठीएवढ्या गुठळ्या, आतून कोरड्या ठणठणीत. दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी उडवायची फवाऱ्याची बाटली आणली. टायर फिरतो आहे, आत गाळ वर चढतो आहे आणि घसरतो आहे, आणि त्यावर धुक्यासारखे पाणी पडते आहे. पाच-सात मिनिटांत मोहरीएवढे कण दिसू लागले. मुलांचा आनंद गगनात मावेना. मग मोहरीची बाजरी झाली. सुमारे चारशे मिलिलिटर पाणी गेल्यावर आम्ही फवारा थांबविला.

आणि वाढही थांबली. टायर फिरतच होता. पाच मिनिटे झाली, दहा झाली, बाजरी ती बाजरीच. एक मुलगा म्हणाला आणखी पाणी घालू, दुसरा म्हणाला नको, चिखल होईल. त्यांचा वाद चालू असता टायर फिरविणारा बिचारा फिरवीतच राहिला. आणि वादाचा निकाल लागायच्या आत, पाण्याचा एक थेंबही न घालता, गोळ्या भराभर वाढू लागल्या. दोनाची एक, त्या दोनांची आणखी एक. तीन-चार मिनिटांत बाजरीचे वाटाणे झाले आणि वाटाण्यांची लिंबे. आम्ही "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत हातातून गेले.

हे गौडबंगाल काय ते रात्री वाचल्यावर उलगडले. गोळ्या एकमेकींवर आणि टायरवर आदळत असतात. प्रत्येक आघाताने आतले कण थोडे अधिक दाटीने बसतात, पोकळी कमी होते. पोकळी कमी झाली, की आतल्या पाण्याला जागा उरत नाही आणि ते घामासारखे पृष्ठभागावर येते. जोवर पृष्ठभाग कोरडा, तोवर दोन गोळ्या आदळून परत उडतात. पाण्याचा पापुद्रा वर आला, की आघाताचा जोर त्या पापुद्र्यातच जिरतो, गोळ्या उडण्याऐवजी चिकटतात आणि पुढच्या घरंगळण्यात एकजीव होतात. म्हणजे त्या दहा मिनिटांत काहीच घडत नव्हते असे नव्हे. आत सगळे घडत होते, दिसत मात्र नव्हते. भुकटी जितकी बारीक, तितका हा थांबण्याचा काळ लांब, कारण बारीक कण सहजी दाटत नाहीत.

या वाढीचे रीतसर मोजमाप ज्यांनी प्रथम केले, त्यांत एक नाव भारतीय आहे, हे आमच्या वाचकांना सांगावेसे वाटते. १९६४ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे पी. सी. कपूर आणि फ्युअरस्टेनाउ यांनी चुनखडीच्या भुकटीच्या गोळ्या वळून, चाकाच्या किती फेऱ्यांनंतर गोळी किती वाढते, याचे आलेख काढले. कपूर पुढे कानपूरच्या आय.आय.टी.त प्राध्यापक झाले. त्यांच्या आलेखात आधी बीजांचा काळ, मग जोडजोडीने झपाट्याने वाढण्याचा काळ, आणि शेवटी मोठ्या गोळ्यांचा संथ काळ. मोठ्या गोळ्या सहसा एकमेकींना चिकटत नाहीत. कारण त्या जड, त्यांचा आघात मोठा, चिकटल्या तरी पुढच्या गडगडण्यात सुटतात. तेथे दुबळी गोळी चिरडली जाते आणि तिचा भुगा बळकट गोळ्यांच्या अंगावर थर होऊन बसतो. हे वाचून आम्हांला थोडे वाईट वाटले, पण विज्ञानाचा तास नीतिकथेचा नव्हे, म्हणून वर्गात तेवढ्यावरच सोडले.

कारखान्यातील तिरक्या थाळीची करामत समजावताना मात्र आम्हांला काहीच कष्ट पडले नाहीत. ती थाळी सात-साडेसात मीटर व्यासापर्यंतची असते, पंचेचाळीस ते पन्नास अंशांत कललेली, आणि मिनिटाला सहा-सात फेरे घेते. आपल्या घरच्या बायका सुपात तांदूळ घोळतात, तेव्हा जाड दाणा एकीकडे आणि कणी दुसरीकडे होते, तेच येथे घडते. बारीक भुकटी थाळीच्या तळाशी राहून उंच चढते. मोठी गोळी लवकर घरंगळून पृष्ठभागावर येते आणि कडेवरून बाहेर पडते. नऊ ते सोळा मिलिमीटरची झाली, की थाळीच तिला निरोप देते. पिंपाला ही निवड साधत नाही. त्यातून लहानमोठ्या सगळ्या गोळ्या बाहेर पडतात, त्या चाळाव्या लागतात आणि लहानग्यांना पुन्हा आत धाडावे लागते.

ओली गोळी ही फार नाजूक वस्तू. पट्ट्यावरून पट्ट्यावर पडताना ती फुटू नये, म्हणून तिची परीक्षा घेतात. ४५ सेंटिमीटर उंचीवरून लोखंडी पत्र्यावर टाकायची, आणि कितव्या खेपेस फुटते ते मोजायचे. चार खेपा टिकली तर बरी. आम्ही पत्र्याऐवजी घरचा तवा नेला. आमची गोळी तीन खेपांत संपली. कारखान्यात यावर उपाय म्हणून बेंटोनाइट नावाची चिकणमाती अर्धा ते एक टक्का मिसळतात. ती आपल्याकडे कच्छमध्ये व राजस्थानात बाडमेरकडे सापडते. पाणी पिऊन ती फुगते, आणि तिच्या पातळ पापुद्र्यांनी कण बांधले जातात. पाण्याचा पूल वाळल्यावर नाहीसा होतो. बेंटोनाइटचा बंध मात्र वाळल्यावरही राहतो. आमच्याकडे बेंटोनाइट कोठले? त्याच मुलाने घरून पेजेचे पाणी आणले. आम्हांला हसू आले, पण पुस्तक उघडून पाहिले, तर पिष्टाचा उपयोगही गोळी बांधण्यासाठी करतात असे आढळले. पेजेच्या गोळ्या उन्हात दोन दिवस वाळविल्या, तीन गोळ्या तिकाटण्यासारख्या मांडल्या, आणि त्यांवर आमच्या टेबलावरचा जाडजूड मराठी शब्दकोश ठेवला. गोळ्या हलल्या नाहीत. त्या शब्दकोशाचा इतका उपयोग आमच्या शाळेत त्यापूर्वी कोणी केला नसावा.

एका उतावळ्या पोराने तीन-चार ओल्या गोळ्या तशाच चुलीत टाकल्या. त्या लाह्यांसारख्या ताडताड फुटल्या. आतले पाणी वाट मिळायच्या आत वाफ झाले, की दुसरे काय होणार? कारखान्यात आधी सावकाश वाळवितात, आणि मगच साडेबाराशे ते साडेतेराशे अंश सेल्सियसपर्यंत भाजतात. त्या उष्णतेत कण एकमेकांत मुरून जोडले जातात. आधी किलोभर भारही जेमतेम सोसणारी गोळी मग दोनशे-अडीचशे किलोंचा भार सोसते. तेथे पाण्याचे काम संपलेले असते. ते केव्हाच उडून गेलेले असते.

प्रदर्शनात आमच्या शाळेला बक्षीस मिळाले नाही. शेजारच्या शाळेने चमकणाऱ्या दिव्यांचा ज्वालामुखी केला होता, तो वर आला. पण परतीच्या वाटेवर त्या मुलाचे वडील आम्हांला भेटले. सगळ्या दिवसभर ते मुलाच्या मेजाशेजारी हात मागे बांधून उभे होते. ते म्हणाले, "सर, गोळ्या बऱ्या झाल्या. पण आमच्या शेतातल्या गाळाच्या गोळ्या कोण घेणार?" आम्ही त्यांना खरे तेच सांगितले. त्या गाळात लोहापेक्षा माती अधिक. भट्टीला लागेल इतके लोह त्यात नाही. ते असते तरी दळणे, धुणे, वळणे, भाजणे यांचा खर्च एका शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. आणि माल कोणाचा, यावर सरकारदरबारी किती कागद फिरतील, ते तर आम्हांला विचारूच नये. त्यांनी मान हलविली. "मला वाटलंच होतं," असे म्हणून ते मुलाचा टायर खांद्यावर घालून पुढे चालू लागले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी गाळ टोपलीटोपलीने काढून बांधावर रचला. मुलगा म्हणे त्यावर फवाऱ्याने पाणी मारी, म्हणजे तो वाऱ्याने उडून परत शेतात येऊ नये. पाण्याचे प्रमाण त्याला आता नेमके माहीत होते. त्यावर्षी अर्ध्या शेतात भात लागला. पुढे खाणींचे लिलाव होऊन २०२४ साली डिचोलीकडे काम पुन्हा थोडेबहुत सुरू झाले, आणि वडील पुन्हा ट्रकवर गेले. बांधाचे काम मात्र त्यांनी सोडलेले नाही.

पेजेच्या त्या गोळ्यांपैकी सात आमच्या कपाटात काचेच्या बरणीत आहेत. भाजलेल्या नसल्याने पावसाळ्यात त्यांना दमट हवा बाधते. दर जूनमध्ये आम्ही झाकण घट्ट लावतो, तरी गेल्या आषाढात एक विरघळली, आणि बरणीच्या तळाशी पुन्हा चिमूटभर तांबडी धूळ जमली आहे.